सुजाता मावशीचं न झालेलं आभारप्रदर्शन

अन्याय सुजाता मावशीवर झाला. जयंतीच्या कार्यक्रमाच्या शनिवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, व्हिक्टोरिया राज्यातल्या टार्निटच्या कम्युनिटी हॉलमध्ये, भरल्या सभेसमोर. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण मी स्टेजच्या पायरीवर उभी होते आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. आत्मकथन लिहायचं हे तुझं वय नाही, असं आई म्हणते. बरोबर आहे, मी आत्ताच तिशी ओलांडलीय. पण पत्रकं लिहून लिहून मला सवय लागली आहे की कोणाचं काय गेलं आणि कधी गेलं हे आधी सांगायचं, मग बाकीचं. माझी युनीतली बाकीची वर्षं मला पुसट आठवतात, कुठल्या विषयात किती मार्क पडले तेही आठवत नाही. त्या एप्रिलमधले तीन आठवडे मात्र लख्ख आठवतात, आणि ते मी पुन्हा पुन्हा तपासत असते, जसं घराला कुलूप लावलं की नाही हे माणूस अर्ध्या वाटेवरून मागे येऊन तपासतो.

आमचं घर तेव्हा इस्टेटच्या, म्हणजे नव्या वसाहतीच्या, अगदी कडेला होतं. रस्त्यावर लावलेली झाडं काठ्यांपेक्षा जाड नव्हती, आणि कुंपणापलीकडे मोकळं गवत, त्यापलीकडून जिलाँगची ट्रेन जायची. वारा असला की ट्रेनचा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा आणि आई म्हणायची, "गेली बघ, आता बाबा वीस मिनिटांत येतील." गॅरेजमध्ये आमची गाडी कधी गेलीच नाही. तिथे गालिचा होता, टेबलावर बुद्धमूर्ती होती, रविवारी वंदना व्हायची आणि बाकीच्या दिवशी जयंती समितीच्या मीटिंगा. समिती म्हणजे दिलीप काका. इतर दहा जण मान हलवायला. पुढच्या खोलीत सुजाता मावशी राहायची. ती आईची सख्खी बहीण नव्हे. मूळची वर्ध्याची, शिकायला म्हणून आलेली, कोर्स झाला, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि शेवटी हातात आला तो वेअरहाऊसमधला स्कॅनर. आई तिला स्टेशनवर भेटली, दोघींनी एकमेकींच्या डब्यात डोकावलं आणि तिथून ती आमच्या घरी आली ती सहा वर्षं राहिली. रविवारी ती पाटोडीचा रस्सा करायची. त्या मसाल्याचा वास कार्पेटमध्ये असा मुरला होता की माझी धाकटी बहीण रमा शाळेत जाताना ब्लेझरचा वास घेऊन बघायची. "ताई, आय स्मेल लाइक लंच," म्हणायची. मावशी हसायची. "मग चांगलं आहे नं, कोणी उपाशी राहणार नाही तुझ्याजवळ."

त्या वर्षी रस्सा बंद झाला होता, कारण मावशीला बेसनाची वडी थापता येत नव्हती. वेअरहाऊसमध्ये वरच्या रॅकवरून एक क्रेट निसटला, तिने सावरायला उजवा हात पुढे केला आणि मनगट उलटं वळलं. सुपरवायझर बघत होता. म्हणाला, "यू राइट, सू? टेक इट ईझी दिस आर्वो." आर्वो म्हणजे दुपार. बास. लिहून काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मनगट सुजून भरताच्या वांग्यासारखं झालं. तिने एजन्सीला फोन केला. एजन्सी म्हणजे तिला कामावर पाठवणारी कंपनी, वेअरहाऊस वेगळ्याचं. एजन्सी म्हणाली, इन्सिडेंट रिपोर्ट कुठाय? वेअरहाऊस म्हणालं, तो एजन्सीने भरायचा. अकरा आठवडे ती एवढंच मागत होती, की हा हात इथे दुखावला एवढं एका कागदावर लिहा. दर वेळी उत्तर यायचं, "नो वरीज, सू." हाताला काळा पट्टा बांधून ती डाव्या हाताने स्कॅनर चालवायची. मी तेव्हा युनीच्या एका गटातून वेअरहाऊसच्या गेटवर पत्रकं वाटत होते. तिला म्हटलं, तुझ्यावर एक पत्रक लिहू? ती म्हणाली, "नको बाई. माझं नाव छापून आलं का माझी शिफ्ट गेली."

अशात एका संध्याकाळी दिलीप काका गॅरेजमध्ये आले आणि बुटांसकट गालिच्यावर उभं राहून म्हणाले, यंदा प्रमुख पाहुणा अमेरिकेचा माजी काँग्रेसमन. म्हणजे तिकडच्या संसदेतला खासदार. "आपल्या टार्निटला! राजधानीतल्या गुंगालिनवाल्यांच्या जयंतीला कोण आलं होतं माहितीये? कुठल्याशा खात्याचा डेप्युटी डायरेक्टर. तोही मराठीच."

सगळे हसले. मी विचारलं, "पण तो का येतोय?"

"का म्हणजे? आपण बोलावलं म्हणून."

"काका, तुम्ही मागच्या वर्षी इथल्या खासदाराला बोलावलं, तो आला नाही. तो दहा मिनिटांवर राहतो. हा समुद्र ओलांडून येतोय."

"हिला ना प्रत्येक गोष्टीत वास येतो," काका बाबांकडे बघून म्हणाले. "परिचय हीच लिहील. वाच म्हणावं त्याचं चरित्र, मग कळेल माणूस काय आहे ते."

पाहुण्यांचा परिचय हे आपल्या लोकांमधलं एक खास लिखाण आहे. पाहुणा जो कागद पाठवतो त्यातलं सगळं खरं धरायचं, त्याच्यावर आणखी चार विशेषणं चढवायची आणि पाहुण्याने मान खाली घालून संकोच केल्यासारखं दाखवायचं. मला ते जमत नव्हतं. मी काँग्रेसमनचं आत्मचरित्र लायब्ररीतून आणलं आणि सिटीला जाता-येता ट्रेनमध्ये वाचून काढलं. खोटं कशाला सांगू, मी त्या माणसाच्या प्रेमातच पडले. नदीकाठचं एक छोटं गाव. बाप लवकर गेलेला. आई हातमोजे शिवायच्या कारखान्यात, आणि तिच्या बोटांना सुया टोचून टोचून अशी भोकं पडलेली की तिला लिंबू पिळता यायचं नाही. हा दिवसा कारखान्यात माल उचलायचा आणि कामावरून सुटल्यावर वकिलीच्या वर्गाला जायचा. पहिली निवडणूक त्याने पोस्टर न लावता लढवली. रोज पहाटे एकेका कारखान्याच्या गेटवर उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, दोन्ही हातांनी. जिंकला. पुढे पाच वेळा पुन्हा निवडून आला. आणि सगळ्या कारकिर्दीत त्याला स्वतःचं सर्वांत मोठं काम वाटायचं ते एक विधेयक, जे मंजूर झालंच नाही. त्यात एवढंच होतं की कामावर कोणाला इजा झाली तर मालकाने ती त्याच दिवशी, त्याच जागी लिहून घ्यायची. ते विधेयक समितीत अडकलं, दोनदा, तिसऱ्यांदा तो स्वतः पडला. त्या प्रकरणाच्या शेवटी त्याने लिहिलं होतं की आईच्या बोटांची नोंद कुठल्याच वहीत नाही. मी व्हिक्टोरियातल्या एका ट्रेनमध्ये बसून त्या ओळीवर रडले आहे. आज सांगायला लाज वाटते, पण रडले आहे.

पुस्तक तिथे संपत होतं. माणूस संपला नव्हता. निवडणूक हरल्यावर त्याने काय केलं हे बघायला मी इंटरनेट उघडलं. आधी एका लॉ फर्ममध्ये भागीदार. मग दोन-तीन कंपन्यांचा सल्लागार. तिसरं नाव वाचलं आणि मी उठून पुढच्या खोलीत गेले. मावशीचं निळं जॅकेट दारामागे टांगलेलं होतं. छातीवर तेच नाव, तोच लोगो. तिच्या एजन्सीची मूळ कंपनी अमेरिकन होती हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आणि हॉलचं भाडं कोण भरतंय, जेवण कोण देतंय, हे मी दिलीप काकांना विचारल्यावर तेच नाव निघालं. कंपनीला वेस्टमध्ये, शहराच्या आमच्या बाजूला, आणखी वेअरहाऊसं मिळाली होती, माणसं हवी होती, आणि माणसं टार्निटमध्ये राहत होती.

मी मावशीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तर ही माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याच्या आईचेही हातच गेले नं?"

"मावशी, तो विकला गेलाय."

"काहून ग असं बोलतेस? त्याला माहीतच नसेल. एवढ्या मोठ्या कंपनीत कोण कोणाला सांगते? मी सांगते त्याला. मला आभार दिलेत नं या वर्षी."

आभारप्रदर्शन तिच्याकडे होतं हे खरं. आभारप्रदर्शन बाईला देतात, आणि ज्या बाईला दुसरं काही द्यायचं नाही तिला देतात. तोपर्यंत अर्धी सभा चपला शोधत असते. मावशीने मात्र ते असं मनावर घेतलं की जणू तिलाच प्रमुख भाषण दिलंय. दुसऱ्या दिवशी खूप आठवड्यांनी रस्सा होता, पाटोडी आई थापत होती, मावशी डाव्या हाताने रस्सा ढवळत होती आणि तोंडाने मजकूर सांगत होती, मी टाइप करत होते. हॉलचे आभार, साऊंडवाल्याचे आभार, भाकऱ्या करणाऱ्या बायांचे एकेकीचं नाव घेऊन आभार. शेवटी पाहुणा. तो परिच्छेद तिने इंग्रजीत घ्यायला लावला. "त्याला समजलं नाही तर काय फायदा?" तो चार वाक्यांचा होता. साहेबांनी कामावरची इजा त्याच दिवशी लिहून घ्यावी असा कायदा मांडला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. माझा हात त्यांच्याच कंपनीच्या कामावर अकरा आठवड्यांपूर्वी दुखावला. ते अजून कोणी लिहून घेतलेलं नाही. साहेबांनी आज एवढं करावं, म्हणजे त्यांच्या आईचाही मान राहील. एकही वाईट शब्द नाही. मी दोन वाईट शब्द घालायला बघत होते, तिने घालू दिले नाहीत.

आता माझी चूक सांगते. आमच्या समितीचा एक नियम होता. आदल्या एका वर्षी आभारांत खुर्च्या आणून देणाऱ्याचं नाव राहिलं, तर तो माणूस आणि त्याची बायको वर्षभर कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून आभारांचा कागद आधी ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांनी आपापलं नाव बघायचं, मग तो पक्का. इतकी सवयीची गोष्ट की मी विचारही केला नाही. टाइप केलं आणि जयंती समितीच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत तीन अंगठे आले. एकाने लिहिलं, माझ्या मिसेसचं नाव राहिलं.

दिलीप काकांचा अंगठा आला नाही. पण माझ्या परिचयात मी एक वाक्य लिहिलं होतं, की काँग्रेसमन सध्या आजच्या आपल्या प्रायोजक कंपनीचे सल्लागार आहेत. ते त्यांनी पेनने खोडलं. "पाहुण्याला अवघडल्यासारखं होईल." मी म्हटलं, काका, हे त्याच्याच माहितीत आहे. ते म्हणाले, "माहितीत असणं वेगळं, माइकवर असणं वेगळं." शनिवारी सकाळी हॉलकडे जाताना गाडीत बाबाही म्हणाले, "प्रज्ञू, ते वाक्य नको वाचू." बाबा मला कधी काही नको म्हणत नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी रस्त्याकडे बघितलं. तिथे माझ्या मनात संशयाने घर केलं.

मी वाक्य वाचलं नाही. हे लिहायला मला बराच वेळ लागला आहे. दुसऱ्यांच्या गेटवर उभी राहून घोषणा देणारी मी, आपल्याच माणसांसमोर माइक हातात आल्यावर त्याची आई, तिचे हातमोजे, त्याचं विधेयक एवढं वाचलं आणि खाली उतरले. टाळ्या पडल्या. काँग्रेसमन उंच, पिकलेल्या भुवयांचा, आवाज गोड. निळं उपरणं त्याने बरोबर खांद्यावर घेतलं, कोणी शिकवलं असावं. बोलला छान. आईच्या बोटांवर आला तेव्हा थांबला आणि चष्मा पुसला. पुस्तकात त्या जागी पानही उलटतं, मला ते पान पाठ होतं. मावशी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. मांडीवर कागद, घडी घातलेला.

भाषण संपलं. मावशी उठली. आणि तीन वाजून वीस मिनिटांनी दिलीप काकांनी माइक घेतला. म्हणाले, पाहुण्यांची फ्लाइट आहे, वेळ झालाय, आभार मानले असं सर्वांनी समजावं, जेवण तयार आहे. बास. खुर्च्या सरकल्या. मावशी स्टेजकडे दोन पावलं आली आणि माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी ताटांकडे जाऊ लागली. काँग्रेसमन स्टेजवरून उतरला. तो दाराकडे जाईल असं मला वाटलं. तो सरळ तिच्याकडे आला. "सुजाता," म्हणाला. 'सू' नाही, पूर्ण नाव, नीट. त्याने तिचा उजवा हात धरला, पट्ट्यासकट, दोन्ही हातांनी, गेटवर धरायचा तसा. दाबला. मावशीचा चेहरा दुखण्याने आवळला आणि तेवढ्यात फ्लॅश पडला. "वुई विल लुक इन्टू इट," म्हणाला आणि गेला. कागद तिच्या डाव्या हातात होता.

तिची तिथे कोणीही त्याच्याशी ओळख करून दिली नव्हती. मग त्याला नाव कसं कळलं?

सोमवारी तिच्या फोनवर मेसेज आला, या आठवड्यात शिफ्ट नाहीत. पुढच्या सोमवारी तोच मेसेज. त्यानंतर मेसेजही नाही. मी घरात उलटतपासणी सुरू केली. दिलीप काकांना फोनवर विचारलं, कोणाला दाखवलात कागद? ते म्हणाले, "वयाचा मान ठेव जरा." त्या आठवड्यात मी भाकऱ्या करणाऱ्या बायांवरही संशय घेतला. शेवटी बाबांवर आले. जेवताना विचारलं, सगळ्यांसमोर. तुम्हीच सांगितलंत ना कंपनीला? आईने हातातला डाव खाली ठेवला. रमा म्हणाली, "ओह माय गॉड, ताई, स्टॉप."

बाबा म्हणाले, "दिलीपने मला आभारांचा कागद वाचून दाखवला होता. म्हणाला, सुजाता हे बोलली तर तिचं काम जाईल. मला वाटलं, गप्प राहिली तर निदान काम तरी राहील. म्हणून त्याला अडवलं नाही, आणि तुला ते वाक्य नको वाचू म्हटलं. एवढंच मी केलं."

"मग कंपनीला कोणी सांगितलं?"

मावशीने आपला फोन माझ्यापुढे सरकवला. ग्रुपमधल्या माणसांची यादी उघडलेली होती. बारा नावं. आमची अकरा, आणि तळाला ब्रेट. ब्रेट म्हणजे कंपनीचा कम्युनिटी ऑफिसर. बॅनरवर त्यांचा लोगो नीट यावा म्हणून मीच त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं, पोस्टर मी करत होते ना. आणि परिच्छेद इंग्रजीत होता. "मला तर त्याच दिवशी समजलं," मावशी म्हणाली. "तुला काय सांगू? तू एवढी भांडत होतीस माझ्यासाठी." तिने माझ्या ताटात वाढलं, डाव्या हाताने, रस्सा थोडा सांडला.

कागद मी टाकला, हे खरं. पण मी तो समितीकडे टाकला, नावं तपासायला. ब्रेटने तो उचलून पुढे पाठवला, काकांनी माइक उचलून घेतला, आणि त्या माणसाने, जो आयुष्यभर नेमकी हीच नोंद मागत होता, सगळं माहीत असून हात दाबला आणि फोटो काढला. मी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, आपल्या समाजाच्या आदरातिथ्याने मी भारावलो, खाली छापील सही. पुढे तो फोटो कंपनीच्या भरतीच्या पत्रकावर आला. मी पत्रकांतली माणूस, मला ते आवडलं असतं, इतकं स्वच्छ छापलेलं. त्याच्या दोन हातांखाली काळा पट्टा दिसतच नाही, आणि मावशीचा आवळलेला चेहरा भरून आल्यासारखा वाटतो.

मावशी आता कालगुर्लीला असते, हॉस्पिटलच्या किचनमध्ये. मनगट पूर्ण बरं झालं नाही. मी दोनदा जाऊन आले, पर्थहून पुढे आणखी एक विमान. तिथेही एक मराठी डॉक्टरीणबाई आणि खाणीतली दोन इंजिनीअर कुटुंबं तिच्या हातच्या रश्शासाठी येतात. थापायचं काम ती त्यांनाच लावते. कागद तिने जपून ठेवला आहे. मी म्हटलं, फेकून दे ना. म्हणाली, "काहून? आभार मानायचे राहिलेत माझे."

तो फोटो टार्निटच्या हॉलमध्ये अजून लावलेला आहे. दर एप्रिलला तुम्ही त्याच्याखाली रांग लावून ताटं घेता. तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे पुस्तक तुमच्या हातात आलंय म्हणजे तुम्ही आपल्याच माणसांपैकी आहात. फोटो उतरवा, ते एका स्क्रूचं काम आहे. आणि येत्या जयंतीला मावशीला बोलवा. आभारप्रदर्शन जेवणाच्या आधी ठेवा, तिच्या हातात माइक द्या, आणि ती वाचून खाली बसेपर्यंत कोणीही ताटाला हात लावू नका.